निसर्गाकडून काय शिकावे आणि काय शिकू नये?

निसर्ग हा सर्वात मोठा गुरू आहे, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मुंगीकडून मेहनत शिका, नदीकडून वाहत राहणे शिका, झाडाकडून देणे शिका. सकाळी मोबाईल उघडला की सूर्योदयाच्या चित्रावर असाच एखादा सुविचार आलेला असतो. आपण हात जोडल्याची खूण टाकतो आणि तो पुढच्या ग्रुपवर पाठवतो. पण ज्या मुंगीकडून मेहनत शिकायची, तिला आपण शेवटचे नीट कधी पाहिले?

हा प्रश्न बौद्ध तरुणांनी स्वतःला दोन कारणांसाठी विचारायला हवा. पहिले कारण म्हणजे आपल्या धम्मात पाहण्याला मान आहे. धम्माचे एक लक्षणच 'एहिपस्सिको' असे सांगितले आहे, म्हणजे या आणि स्वतः पाहा. दुसरे कारण जास्त गंभीर आहे. निसर्गाचे दाखले देऊनच या देशात शतकानुशतके माणसांना खालची जागा दाखवली गेली. त्यामुळे निसर्गाच्या नावाने कोणी धडा देऊ लागला, तर तो डोळे मिटून घेणे आपल्याला परवडणारे नाही.

पिंपळे सौदागर, रहाटणी, पिंपळे गुरव, पिंपरी या पट्ट्यात राहणाऱ्या आणि चाकण-भोसरीला शिफ्टला जाणाऱ्या आपल्या तरुणांना रोज दिसणारी काही उदाहरणे घेऊन हा विषय समजून घेऊ.

गरुडाने चोच फोडली नव्हती

गरुडाची एक गोष्ट तुम्ही नक्की वाचली असेल. गरुड चाळीस वर्षांचा झाला की त्याची चोच वाकते, नखे बोथट होतात, पंख जड होतात. मग तो उंच कड्यावर एकटा जातो, दगडावर चोच आपटून तोडतो, नवी चोच आली की नखे उपटतो, मग पिसे उपटतो आणि पाच महिन्यांनी नवा जन्म घेऊन आणखी तीस वर्षे जगतो. प्रेरणादायी व्याख्यानांत, स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये, कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये ही गोष्ट सांगितली जाते.

ही गोष्ट खरी नाही. चोच तुटलेला शिकारी पक्षी खाऊ शकत नाही. तो पाच महिने उपाशी जगणार कसा? पक्ष्यांची चोच आणि नखे आपल्या नखांसारखी सतत वाढत असतात आणि वापराने झिजत असतात. त्यासाठी कड्यावर जावे लागत नाही.

खरे काय घडते ते पाहायला आपल्याकडे गरुड नसला तरी घार आहे. नदीकाठावर, कचऱ्याच्या ढिगावर, सोसायट्यांच्या टाक्यांवर ती रोज दिसते. वरून घिरट्या घालणाऱ्या घारीचे पंख नीट पाहा. काही महिन्यांत तिच्या पंखात मध्येच एखाद्या पिसाची फट दिसेल, आणि दुसऱ्या पंखातही जवळपास त्याच जागी तशीच फट असेल. शिकारी पक्षी पिसे अशी क्रमाने टाकतात. जुने गळते, त्या जागी नवे वाढते, मग पुढचे गळते. हे काम अनेक महिने चालते, मोठ्या गरुडांमध्ये तर एका वर्षात पुरेही होत नाही. त्या सगळ्या काळात पक्षी उडत असतो, शिकार करत असतो, पिलांना भरवत असतो.

दोन्ही गोष्टींतला धडा किती वेगळा आहे ते बघा. खोटी गोष्ट सांगते की बदलायचे तर सगळे सोडा, एकटे व्हा, स्वतःला रक्तबंबाळ करा. कंत्राट संपून घरी बसलेल्या किंवा तिसऱ्यांदा परीक्षेत अपयश आलेल्या मुलाला ही गोष्ट ऐकवली, तर तो इतकेच समजतो की मी पुरेसा त्रास सहन केला नाही, चूक माझीच. खरी घार सांगते की बदल एकेका पिसाने होतो आणि तो होत असताना उडणे थांबवता येत नाही. शिफ्ट करून रात्री दोन तास अभ्यास करणारी मुलगी, घर चालवत मुक्त विद्यापीठातून पदवी घेणारा कामगार, हे घारीच्या रीतीने बदलत असतात. त्यांना कड्यावर पाठवू नका. त्यांना अभ्यासाला जागा आणि सोबत मिळवून द्या.

पिंपळाचेही तसेच. पिंपरी, पिंपळे या नावांतच पिंपळ ऐकू येतो आणि बोधिवृक्ष म्हणून तो आपल्याला जवळचा आहे. म्हणून पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो हा संदेश आपल्याच ग्रुपवर सर्वात जास्त फिरतो. झाड ऑक्सिजन सोडते ते प्रकाशसंश्लेषणातून, आणि त्याला उजेड लागतो. रात्री पिंपळही इतर झाडांसारखा श्वसन करतो, म्हणजे ऑक्सिजन घेतो. बोधिवृक्षाचे मोठेपण या दाव्यावर उभे नाही, त्यामुळे तो सोडून दिल्याने काही कमी होत नाही.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, बोलणारा आपला गुरू आहे म्हणून एखादी गोष्ट मान्य करू नका. ती कुशल आहे की अकुशल, तिने हित होते की अहित, हे स्वतः जाणून मग स्वीकारा किंवा सोडा. 'आपल्या ग्रुपवर आले म्हणून' हे कारण त्या यादीत आज सहज बसेल.

निसर्गाच्या नावाने विषमता

आता अवघड भागाकडे येऊ. निसर्गातला दाखला खरा असला तरी त्यातून काढलेला धडा खरा असतोच असे नाही.

निसर्गात प्रत्येकाचे काम ठरलेले आहे, मुंगी कुरकुर करत नाही, मधमाशी आपली जागा सोडत नाही, मग माणसानेही आपले नेमलेले काम निमूट करावे. हे वाक्य ऐकायला किती सात्त्विक वाटते! पण याच विचाराने वर्णव्यवस्था उभी राहिली. समाज म्हणजे एक शरीर, कोणी मुख, कोणी पाय, आणि पायाने मुखाची बरोबरी करू नये, अशी ती मांडणी. माणसांनी केलेल्या अन्यायाला निसर्गाचा शिक्का मारला की त्याविरुद्ध बोलणारा निसर्गाविरुद्ध बोलतो असे वाटू लागते.

या मांडणीला तथागतांनी दिलेले उत्तर सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात आहे, आणि ते उत्तर निसर्ग पाहूनच दिलेले आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन तरुणांत वाद झाला. भारद्वाज म्हणत होता की माणूस जन्माने ब्राह्मण ठरतो, वासेट्ठ म्हणत होता की शीलाने ठरतो. दोघे तथागतांकडे आले. तथागतांनी त्यांना गवत आणि झाडांकडे पाहायला सांगितले. मग किडे, पतंग, मुंग्या. मग लहानमोठे चतुष्पाद प्राणी, साप, पाण्यातले मासे, आकाशातले पक्षी. या सगळ्यांत जातीजातीची वेगळी खूण शरीरावरच दिसते. मग माणसाकडे वळून ते केस, कान, डोळे, नाक, ओठ, हात, पाय असा एकेक अवयव घेतात आणि दाखवतात की माणसांमध्ये अशी जन्मजात वेगळी खूण कुठेच नाही. माणसामाणसांतले भेद हे नावाचे आहेत, व्यवहाराचे आहेत. जो शेती करतो तो शेतकरी, जो कारागिरी करतो तो कारागीर. म्हणजे काम माणसाला ओळख देते, जन्म देत नाही.

अडीच हजार वर्षांपूर्वीची ही तर्काची रीत पाहा. समोरचा निसर्गाचा दाखला देत असेल, तर निसर्ग जास्त बारकाईने पाहा. दाखला आपोआप गळून पडतो.

बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये याच मुद्द्याला हात घातला. जात म्हणजे केवळ श्रमाची विभागणी हा दावा त्यांनी खोडून काढला. ती श्रमिकांचीच विभागणी आहे, त्यातही एकावर एक अशी उतरंड आहे, आणि माणसाचा नैसर्गिक कल किंवा आवड पाहून ती झालेली नाही, असे त्यांनी दाखवले. वंशशुद्धीसाठी जात आहे हा जीवशास्त्राच्या आडून केलेला दावाही त्यांनी तिथे तपासून नाकारला.

मधमाशीचा दाखला देणाऱ्यालाही असेच उत्तर देता येते. आपल्या भागात उंच इमारतींच्या गॅलऱ्यांखाली आग्या मोहोळ लटकलेले दिसते. मधमाश्यांमध्ये कामकरी माशीचे काम जन्मभर एकच नसते. ती वयानुसार पोळे साफ करते, पिलांना भरवते, पोळे बांधते, पहारा देते आणि शेवटी मध आणायला बाहेर पडते. राणी माशी आणि कामकरी माशी एकाच प्रकारच्या अंड्यातून जन्मतात. अळी असताना कोणाला कोणता आहार मिळाला, यावर पुढचे सगळे ठरते. जागा सोडू नका असे सांगायला मधमाशी निवडली, तर ती साक्ष उलटीच देते.

तरीही मधमाशी हा माणसासाठी कायदा नाही. निसर्गात सहकार्य आहे तसे परजीवी जगणेही आहे. पिंपळाचे बी पक्ष्याच्या विष्ठेतून भिंतीच्या फटीत पडते आणि मातीविना रुजते. एकाला त्यात जिद्द दिसते, दुसऱ्याला घराची भिंत फुटताना दिसते. दोन्ही खरे आहे. काय चांगले आणि काय वाईट हे निसर्ग ठरवून देत नाही, ते आपल्यालाच शील आणि करुणा यांच्या आधारे ठरवावे लागते. म्हणून निसर्गातल्या कोणत्याही धड्याला दुसरा प्रश्न विचारायचा. या धड्याने कोणाचे भले होते, आणि कोणाला गप्प बसवले जाते?

पवनेची जलपर्णी आणि चार आर्यसत्ये

पिंपळे सौदागरच्या कडेने पवना वाहते. उन्हाळा आला की तिच्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. जांभळी फुलेही येतात, दुरून सुंदर दिसते. मग डास वाढतात, तक्रारी होतात, यंत्रे येतात, जलपर्णी काढली जाते. पुढच्या वर्षी ती पुन्हा हजर.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. ऊन, संथ पाणी आणि भरपूर खाद्य मिळाले की तिचा पसारा दोन आठवड्यांच्या आसपास दुप्पट होऊ शकतो. तिचे खाद्य म्हणजे पाण्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस, आणि ते येते मुख्यतः प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्यातून. दाट थराखाली उजेड पोचत नाही, पाण्यातला ऑक्सिजन घटतो, मासे मरतात. तिचे बी तळाच्या गाळात कित्येक वर्षे टिकून राहते.

चार आर्यसत्ये समजावून सांगायला यापेक्षा जवळचे उदाहरण शोधायची गरज नाही. नदी गुदमरली आहे, हे दुःख. त्याला कारण आहे आणि ते कारण जलपर्णी नसून सांडपाणी आहे, हा समुदय. कारण थांबले तर परिणाम थांबेल, हा निरोध. मैलापाणी प्रक्रियेविना नदीत जाऊ न देणे, हा मार्ग. नुसती जलपर्णी काढत राहणे म्हणजे कारणाला हात न लावता दुःख झाकणे.

हा धडा आपल्या सामाजिक कामालाही लागू होतो. वस्तीतला मुलगा व्यसनात अडकला की आपण त्याला रागावतो, तो पुन्हा अडकतो. दरवर्षी मुले दहावीनंतर गळतात, दरवर्षी आपण सत्कार समारंभ करतो. कोणत्या खाद्यावर ही जलपर्णी वाढते आहे, हे शोधल्याशिवाय तिचे बी गाळात तसेच राहणार.

पवना आणखी एक गोष्ट शिकवते, ती म्हणजे प्रतीत्यसमुत्पाद. हे असेल तर ते होते, हे नसेल तर ते होत नाही. आपल्या नळाचे पाणी पवना धरणातून नदीवाटे येते, रावेतच्या बंधाऱ्यावर उचलले जाते आणि निगडीला शुद्ध होते. ते पाणी बंद जलवाहिनीतून आणण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती महामार्गावर बऊरजवळ झालेल्या पोलीस गोळीबारात तीन आंदोलकांचा जीव गेला, त्यात एक महिला होती. म्हणजे नळाची तोटी फिरवताना आपण एका संघर्षाला जोडलेले असतो.

खालच्या बाजूलाही तेच. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला, मुळा-मुठा पुढे भीमेला, आणि भीमेचे पाणी उजनी धरणात साठते. उजनीचे पाणी सोलापूर शहर पिते. पिंपळे सौदागरच्या संडासातून आणि भोसरीच्या कारखान्यातून जे सुटते, त्याचा माग सोलापूरच्या हंड्यापर्यंत जातो. आणि मध्ये तुंबलेल्या गटारात, चेंबरमध्ये जो माणूस उतरवला जातो, तो बहुतेक वेळा कोणत्या समाजाचा असतो हे आपल्याला सांगावे लागत नाही. अशा कामावर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला, तरी ही माणसे आजही गुदमरून मरतात. नदीचा प्रश्न हा 'पर्यावरणवाल्यांचा' प्रश्न आहे असे म्हणून चळवळीने बाजूला राहणे त्यामुळेच योग्य नाही.

वर्षावास : निरीक्षणातून आलेला नियम

पाहिलेले आचरणात कसे आणायचे, याचा नमुना विनयात आहे. सुरुवातीच्या काळात भिक्खू पावसाळ्यातही चारिका करत. लोकांनी तक्रार केली की हे श्रमण कोवळे हिरवे गवत तुडवतात, त्यांच्या पायाखाली बारीक जीव मरतात, पाखरेसुद्धा पावसात झाडावर घरटे करून एका जागी राहतात आणि हे मात्र फिरतच असतात. तथागतांनी ही टीका ऐकली आणि पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम केला. तोच आपला वर्षावास, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा.

यात तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. निरीक्षण सामान्य लोकांनी केले होते. टीका संघावर होती, तरी ती ऐकून घेतली गेली. आणि त्यातून सुविचार न निघता नियम निघाला, ज्यासाठी स्वतःची सवय बदलावी लागली.

आपल्या मावळात कार्ले, भाजे आणि बेडसे या लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खू राहत होते. बेडसे तर पवनेच्याच खोऱ्यात आहे. तिथे गेलात तर चैत्यासमोर फोटो काढून परत फिरू नका. कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढी पाहा. डोंगरावर कोसळणारा पाऊस कुठून वाहतो, कुठे साठवता येतो, हे पाहिल्याशिवाय त्या खोदता आल्या नसत्या. पावसाळ्याचे पाणी उन्हाळ्यासाठी राखणारे ते लोक होते. आपण त्याच खोऱ्यात राहून फेब्रुवारीत टँकर मागवतो.

वृक्षारोपणाचा फोटो आणि झाड

शेवटचे उदाहरण आपल्याच कार्यक्रमांतले. १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त अनेक मंडळे वृक्षारोपण करतात. भावना उत्तम आहे. पण एप्रिलच्या मध्याला पुणे परिसरात ऊन कडक असते, जमीन तापलेली असते, पावसाला दोन महिने असतात. त्या दिवशी लावलेल्या कोवळ्या रोपाला रोज पाणी मिळाले नाही तर ते जगत नाही. निसर्ग पाहणारा कार्यकर्ता जयंतीला खड्डे खणून, माती-खत भरून तयारी करील आणि रोप आषाढात, वर्षावासाच्या सुरुवातीला लावील. त्यानंतर किमान दोन-तीन उन्हाळे त्याला पाणी घालणाऱ्यांची नावे विहाराच्या फळ्यावर लिहील.

पिंपळ लावायचा तर विहाराच्या भिंतीपासून, टाकीपासून आणि गटारापासून दूर, मोकळ्या जागी लावा. त्याची मुळे कोणाची श्रद्धा पाहून वाट बदलत नाहीत. आणि एकटा पिंपळ लावून थांबू नका. पिंपळाच्या फळात चिलटाएवढी एक माशी शिरते आणि परागीभवन करते, तेव्हाच त्याला बी धरते. ते बी पक्षी आणि वटवाघळे पसरवतात. बोधिवृक्षही कोणाच्या तरी आधाराशिवाय दुसरा बोधिवृक्ष निर्माण करू शकत नाही. नेत्याभोवती फिरणाऱ्या संघटनांनी याचा जरूर विचार करावा.

बुद्धगयेचा जुना वृक्ष १८७६ साली कोसळला. आज तिथे उभा आहे तो त्यानंतर लावलेला. पण इ.स.पू. तिसऱ्या शतकात संघमित्रा थेरींनी त्याची फांदी श्रीलंकेत अनुराधपूरला नेली होती, आणि तो वृक्ष तिथे आजही जोपासला जातो. एका जागचे झाड पडले तरी परंपरा पडली नाही, कारण कोणीतरी वेळेवर फांदी दुसरीकडे नेली आणि पिढ्यानपिढ्या पाणी घातले.

करायचे काय?

पिंपरी-चिंचवड परिसरातल्या विहारांनी आणि युवक मंडळांनी दर पौर्णिमेला वंदनेनंतर एक तास नदीकाठी किंवा जवळच्या झाडाखाली घालवावा. भाषण नको, माईक नको. एक वही असावी. पाण्याचा रंग, वास, दिसलेले पक्षी, पिंपळाची पालवी, नदीत सुटणारे नाले, तारखेसह लिहून ठेवावे. वर्षभरात ही वही कोणत्याही प्रेरणादायी पुस्तकापेक्षा जास्त सांगेल. महापालिकेकडे निवेदन द्यायचे झाले, तर तीच पुरावा म्हणून हाताशी असेल.

आणि निसर्गाचा कोणताही धडा समोर आला, तर तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी प्रत्यक्ष पाहिले आहे का? या धड्याने कोणाचे हित होते आणि कोणावर अन्याय झाकला जातो? हे पटले तर उद्यापासून माझ्या वागण्यात काय बदलेल? पहिला प्रश्न प्रज्ञेचा, दुसरा करुणेचा, तिसरा शीलाचा.

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. पवनेच्या याच परिसरात धम्माचे ते बी पेरले गेले. बी पेरणाऱ्याचे काम झाले. आता माती कशी आहे, पाणी कसे आहे, मुळाशी काय साचले आहे, हे रोज जाऊन पाहण्याचे काम आपले आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.